इंधनाचे माप आणि मनाची साक्ष

‘माझे मन मला खात नाही, मग माझे चुकले तरी काय?’ असे उद्गार आपल्या धर्मग्रामांत अलीकडे वारंवार कानी पडतात. वडिलोपार्जित वाडीच्या वाटणीत बहिणीला वगळणारा भाऊ असे म्हणतो, कामगाराची मजुरी थकवणारा मालक असे म्हणतो, आणि वृद्ध आईला महिनोन्महिने न भेटणारा मुलगाही असेच म्हणतो. त्यांतील प्रत्येक जण खोटे बोलत असतो असे नव्हे. पुष्कळदा त्यांचे मन त्यांना खरोखरच खात नसते, आणि आमचा प्रश्न नेमका तेथून सुरू होतो. मन खात नाही ही निर्दोषपणाची साक्ष मानावी की मन बधिर झाल्याची खूण? सदसद्विवेकबुद्धीचा कौल अखेरचा म्हणावा, तर त्या बुद्धीचीच तपासणी कोणी आणि कशी करावी?

या प्रश्नाच्या विचारासाठी आम्ही वाचकांना एका अनपेक्षित ठिकाणी नेणार आहोत. ते ठिकाण म्हणजे फ्युएल इंजेक्शन असलेल्या जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन. अशी मोटार आपल्यापैकी फारच थोड्यांच्या अंगणात उभी असेल. परंतु प्रभू येशूने दिवा, खमीर, जाळे आणि नांगर या नित्याच्या वस्तूंतून स्वर्गराज्याचे बोल समजावले. तेव्हा यंत्राच्या साहाय्याने अंतःकरणाविषयी थोडे शिकता आले, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पेट्रोल एकटे जळत नाही. त्याला हवेची जोड लागते. साध्या पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल याहून अधिक झाले की मिश्रण दाट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘रिच’ होते. हवा अधिक झाली की ते विरळ, म्हणजे ‘लीन’ होते. दाट मिश्रणाची लक्षणे उघड दिसतात. सायलेन्सरमधून काळा धूर येतो, प्लगवर काजळी बसते, पेट्रोलचा वास दरवळतो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेलाचा थर धुऊन टाकते आणि इंजिनाची झीज वाढते. विरळ मिश्रणाची गोष्ट निराळी. त्याला धूर नसतो, काजळी नसते, वरवर पाहता सारे स्वच्छ भासते. पण जोर लावण्याच्या वेळी मिश्रण विरळ राहिले, तर आतील उष्णता वाढते, इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टन वा झडपा जळून जाण्यापर्यंत वेळ येते. एक दोष गाजावाजा करतो, दुसरा मुकाट्याने घात करतो.

तरीही १४.७ हा आकडा सर्व प्रसंगी लागू पडणारे माप नव्हे. गारठलेल्या इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून त्यास आरंभी अधिक दाट मिश्रण द्यावे लागते. पूर्ण जोराने चढ चढताना एका भागाला साडेबारा ते तेरा भाग हवा हे प्रमाण इंजिनास मानवते. सपाट रस्त्यावर संथ गतीने जाताना किंचित विरळ मिश्रण पुरते आणि इंधनही वाचते. म्हणजे योग्य माप परिस्थितीनुसार बदलते. परंतु ते चालकाच्या लहरीनुसार बदलत नाही. इंजिनाची खरी गरज काय, यावरून ते ठरते. नीतीच्या क्षेत्रातही हा भेद महत्त्वाचा आहे. आजाऱ्याला उपवासातून सूट आहे म्हणून उपवास हा मर्जीचा प्रश्न होत नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. जर्मनीतील श्टुटगार्ट येथील पोर्शे कंपनीची ‘९११ एससी’ ही मोटार १९७८ ते १९८३ या मॉडेलवर्षांत निघाली. मागील बाजूस बसवलेले सहा सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे, तीन लिटरचे तिचे इंजिन. तिच्यात बॉश कंपनीची ‘के-जेट्रॉनिक’ ही इंधनव्यवस्था आहे. यातील ‘के’ हे अक्षर ‘सतत’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होय, कारण या व्यवस्थेत प्रत्येक सिलिंडरपाशी इंधनाचा फवारा अखंड चालू असतो. आत येणारी हवा एका गोल चकतीला उचलते. चकती जितकी उचलली जाईल तितकी तिला जोडलेली दांडी इंधन वाटणाऱ्या यंत्रातील दट्ट्या वर सारते आणि तितके इंधन पुढे जाते. हवा मोजायची आणि त्या मापाने इंधन द्यायचे, एवढाच तिचा नियम. मात्र या नियमाला एक अट आहे. इंजिनात जाणारी सारी हवा त्या चकतीवरूनच गेली पाहिजे.

चकतीची दांडी आणि दट्ट्या यांचे परस्परांशी नाते थोडे बदलता यावे म्हणून तेथे एक लहानसा स्क्रू ठेवलेला आहे. तीन मिलिमीटरची लांब अॅलन की आत घालून तो फिरवतात. उजवीकडे फिरवला की मिश्रण दाट, डावीकडे फिरवला की विरळ. त्याची चाल इतकी नाजूक असते की पाव फेरासुद्धा फार होतो. जाणकार मिस्त्री केसभर फिरवतो, की बाहेर काढतो, इंजिनाचा वेग क्षणभर वाढवून सोडतो आणि मगच मोजमाप पाहतो. हा स्क्रू हाताशी आहे, फिरवायला सोपा आहे, आणि त्याचा परिणाम ताबडतोब दिसतो. त्याच्या उपयोगाइतकाच त्याचा धोकाही याच गुणांत आहे.

कारण मोटार जुनी झाली की रबरी नळ्या भेगाळतात, इंजेक्टरांभोवतीच्या रबरी कड्या कडक होतात आणि त्या फटींतून हवा आत शिरू लागते. ही हवा चकतीवरून जात नाही. तिची मोजदाद कोठेच होत नाही. मोजलेल्या हवेपुरतेच इंधन मिळाल्यामुळे मिश्रण विरळ होते, इंजिन अडखळते, आपल्याकडील मिस्त्रींच्या शब्दांत सांगायचे तर ‘मिसिंग’ मारते. येथे दोन मार्ग फुटतात. पहिला मार्ग गळती शोधण्याचा: नळी न् नळी तपासायची, प्रसंगी अर्धे इंजिन उघडायचे. दुसरा मार्ग स्क्रू किंचित उजवीकडे फिरवण्याचा. दुसऱ्या मार्गाने इंजिन पाच मिनिटांत सुरळीत होते आणि मालक संतुष्ट होऊन घरी जातो.

परंतु गळती तेथेच असते. उभ्या मोटारीत त्या चोरट्या हवेचा वाटा मोठा असतो. जोर लावला की एकूण हवा वाढते आणि तो वाटा किरकोळ होतो, पण फिरवलेला स्क्रू तसाच राहतो. मग रस्त्यावर मिश्रण गरजेपेक्षा दाट होते. याहूनही मोठी गंमत पुढे आहे. पुढेमागे एखाद्या प्रामाणिक मिस्त्रीने ती गळती बुजवली, तर इंजिन आधीपेक्षा वाईट चालू लागते, कारण सारे माप त्या दोषाला धरून बेतलेले असते. दोष हाच पाया झाला, की खरी दुरुस्ती हीच बिघाडासारखी भासू लागते. ज्या कुटुंबात वर्षानुवर्षे एक अन्याय पोटात घालून सर्वांनी आपापले वागणे त्याच्याभोवती जुळवून घेतले आहे, तेथे सत्य बोलणारी सून वा बहीण ‘घर मोडणारी’ का ठरते, याचे उत्तर आम्हांस येथे सापडते.

या मोटारीच्या बाबतीत गळती ओळखण्याची एक साधी कसोटी प्रचलित आहे. तिच्या तेलाच्या टाकीतील वाफा इंजिनाच्या हवामार्गात नेलेल्या असतात. त्यामुळे इंजिन चालू असताना तेलाच्या टाकीचे झाकण काढले, की न मोजलेली हवा एकदम आत शिरते. इंजिन निर्दोष आणि मिश्रण योग्य असेल तर ते लगेच कच खाते, अडखळते. झाकण काढूनही फारसा फरक पडला नाही, तर मिस्त्रीने समजावे की आत आधीच कोठेतरी गळती आहे किंवा मिश्रणाचे माप बिघडलेले आहे. अनुभव नसलेला मनुष्य नेमका उलटा निष्कर्ष काढील. झाकण काढले तरी इंजिन डगमगले नाही, म्हणजे ते किती बळकट, असे तो म्हणेल. वस्तुतः निरोगी इंजिन अडखळते आणि बिघडलेले इंजिन निर्विकार राहते.

‘माझे मन मला खात नाही’ या वाक्याची परीक्षा आम्ही याच कसोटीवर करू इच्छितो. पहिल्यांदा खोटे बोलताना जीभ अडखळते, दहाव्यांदा अडखळत नाही. पहिल्यांदा मजुरी थकवली तेव्हा रात्री झोप लागत नाही, तीन वर्षांनी ती छान लागते. मन शांत झाले हे खरे, पण अशी शांती दोन प्रकारांनी येते: दोष नाहीसा झाल्याने किंवा दोष मुरल्याने. केवळ शांतीवरून या दोहोंतील भेद कळत नाही. म्हणूनच संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आपले मन आपल्याला दोष देत नसले तरी तेवढ्याने आपण निर्दोष ठरत नाही, न्याय करणारा प्रभू आहे, असे निक्षून सांगतो. स्तोत्रकर्ताही स्वतःला न उमगलेल्या दोषांपासून मुक्त करण्याची याचना देवाकडे करतो. आणि प्रभूने तर डोळ्याला शरीराचा दिवा म्हणून असा इशारा दिला आहे की, जो आपला प्रकाश तोच अंधार झाला, तर त्या अंधाराला सीमा नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘मग हे माप माणसाच्या हाती न ठेवता यंत्राने आपोआप राखावे.’ तसा प्रयत्नही झाला. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत बसवून जळलेल्या वायूतील प्राणवायू ओळखणारा ‘लॅम्डा सेन्सर’ बॉश कंपनीने तयार केला आणि १९७६ मध्ये स्वीडनच्या व्होल्व्हो मोटारीत तो प्रथम बसला. अमेरिकेसाठी निघणाऱ्या ९११ एससीमध्ये तो १९८० पासून आला. मिश्रण दाट असेल तर तो वोल्टच्या आठ-नऊ दशांशांइतका विद्युत्संकेत देतो, विरळ असेल तर एक दशांशाच्या आसपास. त्या संकेतानुसार इंधन किंचित कमी-अधिक केले जाते. तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय तो बोलत नाही. थंड असताना तो मुका असतो. आणि पेट्रोलमधील शिसे त्याला हळूहळू विषासारखे मारते. असे शिसे घातलेले पेट्रोल आपल्या देशात २००० सालापर्यंत विकले जात होते.

पण हा सेन्सरही फसतो. त्याच्या अलीकडे सायलेन्सरच्या नळीला भेग पडली, तर बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते. सेन्सरला प्राणवायू दिसतो. तो प्रामाणिकपणे सांगतो की मिश्रण विरळ आहे. यंत्रणा प्रामाणिकपणे इंधन वाढवते. सेन्सर खोटे बोलला नाही, यंत्रणेने आज्ञाभंग केला नाही. तरीही इंजिन दाट मिश्रणावर चालत राहते. प्रामाणिकपणा पुरेसा नसतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

संत थॉमस अॅक्विनास याने तेराव्या शतकातच ही अडचण ओळखली होती. चुकलेल्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागणे हेही पाप होय, कारण तसे वागणारा मनुष्य स्वतः जे वाईट समजतो तेच जाणूनबुजून करीत असतो. तथापि ती चूक जर आपल्याच हेळसांडीतून उद्भवली असेल, तर तिच्याप्रमाणे वागल्याने आपण दोषमुक्त होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मधील ‘गाउदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात हाच तोल राखला आहे. न टाळता येणाऱ्या अज्ञानामुळे विवेकबुद्धी चुकली तरी तिची प्रतिष्ठा लोपत नाही. परंतु जो सत्याच्या शोधाची फिकीरच करीत नाही आणि पापाच्या सवयीने जिची दृष्टी जवळजवळ गेली आहे, त्याला ही सबब नाही. संत जॉन हेन्री न्यूमन यांनीही १८७५ मध्ये अशी खंत व्यक्त केली होती की, विवेकाच्या नावाखाली लोक वस्तुतः आपल्या मर्जीचा हक्क सांगू लागले आहेत.

येथे यंत्राची उपमा संपते, हेही आम्ही मान्य करतो. सेन्सरला जबाबदारी नाही. नळीला भेग पडली तर तो काय करणार? माणूस मात्र भेग शोधू शकतो. सेन्सर बिघडला तर तो काढून नवा बसवतात; विवेकबुद्धी काढून टाकून तेथे दुसऱ्याची बुद्धी बसवता येत नाही, आणि ख्रिस्तसभाही तसे सांगत नाही. ते देवाशी एकांताचे स्थान आहे. तिला बदलायचे नसते. तिला घडवायचे असते.

आणखी एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. हे सारे ऐकून एखादी भाविक माउली अधिकच धास्तावेल आणि आधीच शंकाकुल असलेले आपले मन रात्रंदिवस उकरीत बसेल. तसे होऊ नये. मिश्रण जितके विरळ तितके पवित्र, असा नियम नाही. विरळ मिश्रणाचे इंजिन स्वच्छ दिसते, पण तेच जोराच्या क्षणी जळून जाते. अतिरेकी कठोरपणाचेही असेच आहे. ख्रिस्तसभेच्या इतिहासात एकीकडे सारे चालवून घेणारा सैलपणा आणि दुसरीकडे सारे नाकारणारा कठोरपणा असे दोन प्रवाह होते. नेपल्सच्या परिसरात अठराव्या शतकात गोरगरिबांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या संत आल्फोन्सस लिगोरी याने या दोहोंमधून वाट काढली. १९५० मध्ये त्याला पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचा आश्रयदाता संत म्हणून घोषित करण्यात आले. संत इग्नेशियस लोयोलाचा सल्लाही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मोह नाजूक मनाला आणखी नाजूक करतो आणि जाड मनाला आणखी जाड. म्हणून प्रत्येकाने आपल्या कलाच्या उलट दिशेला वळावे. दाट झालेल्याने विरळपणाकडे, विरळ झालेल्याने दाटपणाकडे. एकाच उपदेशाने दोघांचे भले होत नाही.

मग स्क्रू कधीच फिरवू नये काय? तसेही नाही. इंधनच बदलले तर माप बदलावे लागते. इथेनॉलला जळण्यासाठी वजनाने सुमारे नऊपट हवा पुरते. म्हणून दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १४.१ च्या आसपास आणि वीस टक्क्यांच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास हवा लागते. जर्मनीत दहा टक्क्यांचे पेट्रोल २०११ पासून विकले जाऊ लागले, आणि आपल्या देशाने २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला. साध्या पेट्रोलवर बेतलेली, सेन्सर नसलेली जुनी मोटार अशा इंधनावर आपोआप विरळ होते; तिच्या स्क्रूला कोणी हातही लावलेला नसतो. येथे स्क्रू फिरवणे ही लबाडी नव्हे, तो विवेक होय. काळ बदलला की आपल्या कुटुंबांतील काही रीतीही बदलाव्या लागतात. मुलींच्या शिक्षणाविषयी वा घरकामाच्या वाटणीविषयी आजोबांचे माप आज तसेच धरून बसणे म्हणजे निष्ठा नव्हे.

तेव्हा खरा प्रश्न असा की, माप बदलताना आपण बदललेल्या परिस्थितीला न्याय देत आहोत की आपल्या गळतीवर पांघरूण घालीत आहोत? जाणत्या मिस्त्रीचा क्रम येथे उपयोगी पडतो. तो इंजिन पूर्ण तापल्यावाचून माप ठरवीत नाही. आपणही रागाच्या भरात वा निराशेच्या गारठ्यात स्वतःचा निवाडा करू नये. तो प्रथम गळती, झडपा, ठिणगीची वेळ आणि इंधनाचा दाब तपासतो. स्क्रू शेवटी येतो. आपणही ‘हा नियम मला लागू आहे काय’ असे विचारण्याआधी ‘मी काय लपवीत आहे’ असे विचारावे. तो आपल्या कानावर विसंबून न राहता उपकरण लावतो. आपल्यासाठी देवाचे वचन, ख्रिस्तसभेची शिकवण, प्रायश्चित्त संस्कार आणि स्पष्ट बोलणारा जोडीदार ही तशी साधने आहेत.

आणि तो ते उपकरण कोठे लावतो? सायलेन्सरच्या तोंडाशी, जेथून वायू बाहेर पडतो. उभ्या इंजिनाच्या दाटपणाचे माप कार्बन मोनॉक्साइडवरून कळते. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो माणसाचा प्राण घेतो. पुढे बसलेल्या चालकाला आपल्या मोटारीचा धूर लागत नाही. तो मागून येणाऱ्याला लागतो. आमच्या मते या सर्व विचारातील सर्वांत व्यवहार्य बोध हा आहे. आपण निर्दोष आहोत की नाही, हे केवळ स्वतःच्या मनाला विचारू नये. वाटणीत जिला वगळले त्या बहिणीला विचारावे, ज्याची मजुरी थकली त्या कामगाराला विचारावे, जी दाराकडे डोळे लावून बसली आहे त्या आईला विचारावे. त्यांचे उत्तर अखेरचा निवाडा असेलच असे नाही. पण ते न ऐकता दिलेला निवाडा नक्कीच अपुरा आहे.

एक गोष्ट दिलासा देणारी आहे. लॅम्डा सेन्सर नीट काम करीत असतो तेव्हा त्याचा संकेत कधीच एका जागी स्थिर नसतो. किंचित दाट, किंचित विरळ, पुन्हा किंचित दाट, अशी त्याची ये-जा चालूच असते आणि त्या लहान लहान सुधारणांतूनच योग्य माप राखले जाते. संकेत एका जागी खिळून राहिला, तर मिस्त्री समजतो की काहीतरी बिघडले आहे. रात्री निजण्यापूर्वी केलेले दहा मिनिटांचे आत्मपरीक्षण म्हणजे अशीच लहानशी सुधारणा होय. त्यात मन थोडे खाल्ले जाईल, आणि ते खाल्ले जावे. जिवंत विवेकाची ती खूण आहे.